पाऊण मिलिमीटरचा पत्रा आणि चार इंची ग्राइंडर

गाडीच्या बॉनेटवर अंगठ्याने दाबून बघा. पत्रा जरासा आत जातो, सोडला की जागेवर येतो. आता खिशातलं एटीएम कार्ड काढा आणि त्याची कड बघा. कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असतं, आणि गाडीचा बाहेरचा पत्राही जवळपास तेवढाच. ग्राइंडर घ्यायला निघताना हे कार्ड लक्षात ठेवलंत तर निम्मी खरेदी तिथेच झाली.

मी ठेवलं नव्हतं. घरी जुनी मारुती ८०० होती, दाराखालच्या पट्टीवर रंग फुगून फोड आले होते, बॉनेटवर गंजाचे दोन चट्टे. डेंटिंग-पेंटिंगचा आकडा ऐकून वाटलं, एवढ्यात मशीन घेऊन आपणच करू. इंदूरच्या सियागंज बाजारात गेलो. दुकानदाराने विचारलं, ‘क्या काम है भिया?’ मी म्हटलं, गाडीचं. त्याने बाराशे वॉटचं मशीन काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, ‘लोहे का गेट काट देता है ये.’ मी खूष. मला गेट कापायचंच नव्हतं, हे घरी आल्यावर सुचलं.

रविवारी पोहे-जलेबी आटोपून कामाला बसलो. मशीनबरोबर आलेला जाड दगड लावला आणि बॉनेटवर टेकवला. रंग गेला, गंज गेला, मिनिटभरात तळहाताएवढी जागा चकचकीत झाली आणि मग तिच्यावर निळसर छटा आली. मला वाटलं, छान दिसतंय. पत्रा थंड झाल्यावर तिथे हलकासा उंचवटा उठला. बोटाने दाबला की टक्, सोडला की पुन्हा टक्, बिस्किटाच्या डब्याचं झाकण वाजतं तसा. आमच्या भागातल्या डेंटरला दाखवलं. सगळे त्याला उस्ताद म्हणतात. त्याने दोनदा टक्-टक् वाजवून बघितलं आणि म्हणाला, ‘तुम्ही पत्रा शिजवला.’ उष्णतेने ताणला गेलेला पत्रा पुन्हा बसवायला जेवढी मजुरी लागली असती, तेवढ्यात जुनं बॉनेट मिळत होतं. तेच केलं.

म्हणून हे लिहितो आहे. नवशिक्याने ताकद मोजून मशीन घेऊ नये, ताबा बघून घ्यावं. आणि जे पैसे वाचतील ते डिस्कवर घालावेत.

आधी गाडीपाशी बसा, मग बाजारात जा

कागद घ्या आणि गाडीभोवती एक फेरी मारा. ग्राइंडरची कामं चारच: रंग उतरवणं, वरवरचा गंज काढणं, सडलेला तुकडा कापून काढणं, आणि वेल्डिंगची गाठ पत्र्याला सपाट करणं. यातलं तुमचं कोणतं, ते लिहा. फोड आलेल्या जागी जुन्या स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. ठण्ण वाजलं तर खाली पत्रा शाबूत आहे. भद्द वाजलं तर टोकाने जरा दाबा. टोक आत गेलं तर काम घासण्याचं राहिलं नाही, तिथे कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागेल, आणि वेल्डिंग येत नसेल तर तो भाग उस्तादाकडेच जाऊ द्या. पिलर, म्हणजे छत पेलणारे खांब, आणि चासीच्या पट्ट्यांना तर घरी हातच लावू नका. अपघातात गाडीचा सांगाडा त्यांच्यावर तोललेला असतो, आणि नव्या गाड्यांत तिथे वापरलेलं जास्त ताकदीचं पोलाद तापवलं की त्याचा गुणच बदलतो.

दोन कामं या यादीत नाहीत, पण लोक ती ग्राइंडरने करतात. एक पॉलिश. पॉलिशर मिनिटाला साधारण ६०० ते ३,००० फेरे फिरतो, चार इंची ग्राइंडर ११,०००. ग्राइंडरला पॉलिशचा पॅड लावलात तर रंग चमकत नाही, जळतो. दुसरं काम लांबी घासण्याचं. लांबी, म्हणजे पुट्टी, लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून हाताने घासायची. कंटाळवाणं काम आहे, पण सपाटी हातालाच कळते. तुमच्या कागदावर नुसते ओरखडे आणि लांबीच असेल तर ग्राइंडर घेऊ नका. पैसे वाचले.

हवेवर चालणारा ग्राइंडर वर्कशॉपमध्ये बघून मोह होतो. तो हलका असतो, तापत नाही. पण त्याला सतत हवा लागते, आणि घरगुती छोट्या टाकीचा कॉम्प्रेसर त्याच्यामागे धापा टाकत बसतो. बॅटरीवाला उत्तम, पण बॅटरी आणि चार्जर धरून त्याची किंमत आपल्या बजेटच्या बाहेर जाते. राहिला वायरवाला.

आकार

आपल्याकडे दुकानात ‘एजी फोर’, ‘एजी फाइव्ह’, ‘एजी सेव्हन’ म्हणतात. एजी म्हणजे अँगल ग्राइंडर. फोर म्हणजे १०० मिलिमीटरची डिस्क, फाइव्ह म्हणजे १२५, सेव्हन म्हणजे १८०. परदेशी व्हिडिओंत सगळे पाच इंची वापरताना दिसतात, कारण तिकडे तोच चालतो. इथे चार इंची घ्या. त्याच्या डिस्क गल्लीतल्या हार्डवेअरमध्येही मिळतात, स्वस्त असतात, मशीन दीड-दोन किलोचं असतं आणि मडगार्डच्या कमानीत शिरतं. सात इंचीचा तर विचारही नको. ते फॅब्रिकेशनवाल्यांचं हत्यार आहे, एका हातातून निसटलं तर दुसऱ्या हाताला सावरता येत नाही.

एक बारीक गोष्ट. चार इंची डिस्कचं भोक १६ मिलिमीटरचं असतं, पाच इंचीचं २२ च्या थोडं वर. चार इंची मशीनच्या दांड्याचा आटा सहसा एम-१० असतो, मोठ्यांचा एम-१४. तारेचा वाटीब्रश किंवा रबरी पॅड घेताना हा आटा सांगावा लागतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी परत बाजार. आकारावर एवढंच.

वॉट आणि फेरे

साडेसहाशे ते साडेआठशे वॉट पत्र्याच्या कामाला पुरेसे आहेत. खोक्यावर छापलेला आकडा हा मशीन विजेच्या तारेतून किती ओढतं त्याचा असतो, डिस्कपर्यंत किती पोचतं त्याचा नाही. स्वस्त मशीनवर तर हा आकडा बराच उदार हाताने छापलेला असतो. एकाच आकाराच्या दोन मशीनपैकी एकावर ६७० लिहिलेलं आणि दुसऱ्यावर १,१००, किंमत मात्र दुसऱ्याची निम्मी, असं दिसलं तर कोण खरं बोलतंय ते ओळखा.

वॉटपेक्षा फेऱ्यांकडे बघा. ११,००० फेऱ्यांना चार इंची डिस्कची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वर धावत असते. आमच्या जवळ पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा चाचणी ट्रॅक आहे. तिथे गाड्या ज्या वेगाने पळवतात, तो वेग तुमच्या मनगटापुढे वीतभर अंतरावर असतो. रंग उतरवायला एवढा वेग लागत नाही. त्याने रंग वितळून डिस्कला चिकटतो आणि पत्रा तापतो. म्हणून फेरे कमी-जास्त करायची चकती असलेलं मशीन मिळत असेल तर त्यासाठी पाच-सातशे रुपये जास्त द्या. माझ्या मते मशीनमध्ये जास्तीचे पैसे देण्यालायक गोष्ट ही एकच. ओळखायचं कसं? खोक्यावर फेऱ्यांचा आकडा एकच असेल तर वेग ठरलेला, ‘३,००० ते ११,०००’ असे दोन असतील तर बदलता.

आणि स्वस्तातला मार्ग म्हणून मशीन पंख्याच्या रेग्युलेटरवर चालवू नका. हा सल्ला मला तिघांनी दिला, तिघांनीही स्वतः करून पाहिला नव्हता. पंख्याचा रेग्युलेटर पाऊणशे-शंभर वॉटसाठी बनलेला असतो. तो आधी जळेल, नाही जळला तर मशीन जळेल, कारण मोटर थंड ठेवणारा पंखा मोटरच्याच दांड्यावर असतो.

सियागंजात, काउंटरवर

इंदूरच्या बाहेरच्यांसाठी सांगतो: सियागंज ही स्टेशनजवळची आमची घाऊक पेठ. नट-बोल्टपासून मोटरपर्यंत सगळं तिथे मिळतं. ऑनलाइन कधी शे-दोनशे स्वस्त पडतं, हे खरं. पण ग्राइंडर हातात धरल्याशिवाय घेऊ नये असं माझं मत आहे, आणि ते बदलायची शक्यता नाही.

मशीनच्या दुकानात जाण्याआधी दुरुस्तीच्या दुकानात जा. जिथे आर्मेचर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग, भरून देतात, आणि त्याला वीज पोचवणारे, घासून झिजणारे कार्बनचे तुकडे बदलतात तिथे. दोन प्रश्न विचारा: कोणत्या मशीनचे सुटे भाग तुमच्याकडे तयार असतात, आणि आर्मेचर कितीला? ज्या नावाचं आर्मेचर तो मागे वळून फळीवरून काढून दाखवतो, ते मशीन पाच वर्षं चालेल. ज्याच्यासाठी तो ‘मंगवाना पड़ेगा’ म्हणतो ते नवं असतानाच सोडून द्या. बॉश, मकिता, डीवॉल्ट, स्टॅनली ही नावं महाग वाटली तरी त्यांची घरगुती कामाची छोटी मशीनं बजेटमध्ये बसू शकतात. आयबेल, इंको, डोंगचेंग यांचीही मशीनं बाजारात भरपूर दिसतात. मी कोणाचा एजंट नाही. फळीवर भाग कोणाचे आहेत ते बघा, बस.

मग मशीन हातात घ्या. प्लग न लावता.

मूठ मारून बघा. अंगठा आणि मधलं बोट मशीनच्या पोटाभोवती बऱ्यापैकी वळलं पाहिजे. जाड पोटाचं मशीन दहा मिनिटांत मनगट दुखवतं, आणि दुखरं मनगट पत्र्यात खड्डा पाडतं.

दांडा बोटांनी फिरवा. गिअरची एकसारखी, जडशी घरघर लागली पाहिजे. मध्येच अडकला किंवा खर्रकन् आवाज आला तर दुसरं काढायला सांगा. मग दांडा धरून बाजूला हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग आत्ताच सैल आहे. दांडा अडवायचं बटण दाबून सोडा, ते टुणकन् वर यायला हवं.

स्विच सरकवायचा असतो किंवा खालून दाबून धरायचा. दाबून धरायचा असला की मशीन हातातून सुटताच बंद होतं. नवशिक्यासाठी तोच चांगला. स्वस्तात सहसा सरकवायचाच मिळतो. तो असेल तर चामडी हातमोजा घालून, एका अंगठ्याने, न बघता बंद करता येतो का ते तिथेच करून बघा. मी बायकोचा स्वयंपाकघरातला जाड मोजा घेऊन गेलो होतो. दुकानातली पोरं हसली. हसू दे.

डिस्कभोवतीचं लोखंडी कवच, म्हणजे गार्ड, खोक्यात आहे का आणि फिरवून घट्ट बसतो का ते बघा. बाजूची मूठ आहे का. वायर निदान दोन मीटरची आणि बोटाला मऊ लागणारी आहे का. मशीनच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचं आहे, त्याला दोन पिनांचा प्लग चालतो.

आता डिस्क न लावता मिनिटभर चालवायला सांगा. नव्या मशीनला किंचित वास येतो, तो चालेल. मागच्या जाळीतून आत बघा: कार्बनपाशी बारीक ठिणग्या दिसणं ठीक, पण नारिंगी ठिणग्यांचं कडंच फिरताना दिसलं तर नको. मुंग्या येतील एवढं थरथरत असेल तरीही नको.

जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर मशीनचा नंबर लिहून घ्या. मोठ्या नावांची हुबेहूब नक्कलही बाजारात फिरते. बिल देताना जो कां-कूं करतो त्याच्याकडे मशीन कितीही स्वस्त असो, पायरी उतरा.

डिस्क: खरे पैसे इथे

मशीन फक्त फिरवतं, पत्र्याला लागते ती डिस्क. माझं बॉनेट मशीनने नाही घालवलं, त्या जाड दगडाने घालवलं. मशीनबरोबर फुकट येणारा सहा मिलिमीटरचा ग्राइंडिंग व्हील गेट, अँगल, गर्डर यांच्यासाठी असतो. तो कपाटात ठेवून द्या.

रंग आणि वरवरचा गंज काढायला स्ट्रिप डिस्क घ्या. काळी किंवा जांभळी, जाळीदार, भांडी घासायच्या काथ्यासारखी दिसते. ती रंग खाते आणि पत्रा जवळजवळ सोडून देते. तिचा एक दोष: दाराच्या कडेवर किंवा घडीवर टेकवली की तिचे तुकडे उडतात, आणि ती झपाट्याने झिजते. कमी फेऱ्यांवर जास्त टिकते. एका दारासाठी एक डिस्क असा हिशेब धरा आणि एक जास्तीची आणा.

फ्लॅप डिस्क म्हणजे पॉलिश पेपरच्या पाकळ्या गोल लावलेली. तिच्यावर ४०, ६०, ८०, १२० असे आकडे असतात, आकडा जितका लहान तितकी ती खरखरीत. पत्र्यासाठी ८० च्या खाली उतरू नका. वेल्डिंगच्या गाठीला ८०, शेवटच्या हाताला १२०. साधी तपकिरी आणि झिरकोनियाची निळसर अशा दोन जाती मिळतात. निळसर महाग, पण थंड चालते आणि दुप्पट टिकते. आकारातही फरक आहे: एक सपाट, एक कडेला उतरती. पत्र्याला सपाट घ्या.

कापायला एक मिलिमीटरची कटिंग डिस्क. तिने फक्त कापायचं, कधीही बाजूने घासायचं नाही. ती पापडासारखी असते, बाजूने दाब आला की फुटते, आणि तुकडे कुठे जातील ते तिच्याच मनावर.

तारेच्या ब्रशबद्दल लोक फार प्रेमाने बोलतात. मी त्याला कोपऱ्यांपुरतंच ठेवतो. सपाट पत्र्यावर तो गंज काढत नाही, गंजाला पॉलिश करतो. जागा गडद आणि चकचकीत दिसते, वर रंग चढतो आणि पहिल्या पावसाळ्यात फोड परत. शिवाय तारा सुटून उडतात. माझ्या जाड पँटमध्ये घुसलेली एक तार मला संध्याकाळी सापडली, तीही खुर्चीवर बसताना.

लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला लावून विकतात. ते कोणत्याच कामाला लावू नका.

डिस्क घेताना तीन गोष्टी वाचा. एक, तिच्यावरचा कमाल फेऱ्यांचा आकडा मशीनच्या आकड्यापेक्षा जास्त हवा. चार इंची कटिंग डिस्कवर तो सहसा १५,००० च्या वर असतो, पण ब्रश आणि स्ट्रिप डिस्कवर कमी असू शकतो. दोन, तारीख. कटिंग आणि ग्राइंडिंग डिस्क राळेने बांधलेल्या असतात, त्यांचं आयुष्य साधारण तीन वर्षांचं. मधल्या धातूच्या कड्यावर किंवा लेबलवर महिना आणि वर्ष असतं. बरणीतल्या लोणच्याची तारीख आपण बघतो, हिची का नाही? तीन, ओल. दमट भिंतीला टेकवून ठेवलेल्या डिस्क नको म्हणा.

आणि घट्ट करायच्या नटाला दोन बाजू असतात, एक सपाट, एक उंचवटा असलेली. जाड डिस्कला उंचवटा आतल्या बाजूला, पातळ कटिंग डिस्कला बाहेरच्या. उलट लावलात तर पातळ डिस्क सैल फिरते. पहिल्या दिवशी मी अर्धा तास हेच कोडं सोडवत होतो.

मी शेवटची चौकशी केली तेव्हा ठरलेल्या वेगाचं, ओळखीच्या नावाचं चार इंची मशीन दोन ते तीन हजारांत येत होतं, बदलत्या वेगाचं तीन ते चारमध्ये. हजार-बाराशेचीही होती. हातात एकूण चार हजार असतील तर पंचवीसशेचं मशीन घ्या, हजाराच्या डिस्क घ्या आणि उरलेल्यात चष्मा, मोजे, मास्क. तीन हजार आठशेचं मशीन आणि दोन डिस्क, असं करू नका.

घरी

वीज फार लागत नाही. ८५० वॉटचं मशीन पावणेचार अँपिअर ओढतं, साध्या सहा अँपिअरच्या सॉकेटवर चालतं. गोची एक्स्टेंशनची होते. दिवाळीच्या माळांसाठी आणलेली बारीक वायर तापते. दीड स्क्वेअर मिलिमीटरची वायर घ्या, गुंडाळीतून पूर्ण सोडून अंथरा. घरात आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवलेली असेल तर तिच्यातून वीज येणारंच सॉकेट वापरा. इन्व्हर्टरवर मशीन लावू नका.

डोळ्यांना कडेनेही बंद असलेला चष्मा, त्याच्यावर चेहऱ्याची पारदर्शक ढाल मिळाली तर उत्तम. नंबरचा चष्मा म्हणजे संरक्षण नव्हे. नाकाला एन-९५, कारण जुन्या रंगांत शिसं असू शकतं. आवाज ९० डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानांत बोळे. सुती कपडे, टेरिकॉट नको, ते ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. गळ्यात गमछा, ओढणी, चेन काही नको. पोरांना आत पाठवा.

आगीचं नीट ऐका. ठिणगी पत्र्याच्या या बाजूला उडते आणि आग त्या बाजूला लागते: गालिचा, सीटचा फोम, वायरिंग, खालचं डांबरी कोटिंग. पट्टी घासायची असेल तर आतला गालिचा उचला, सीट काढा, बॅटरीची निगेटिव्ह सोडा. बऱ्याच छोट्या गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते, त्या भागात मशीन नकोच. इंदुरात निम्म्या ओळखीच्यांकडे डिकीत सीएनजीची टाकी आहे. तिच्या किंवा तिच्या नळीच्या जवळपासचं काम घरी करायचं नाही, यात घासाघीस नाही. पाण्याची बादली आणि छोटं अग्निशामक हाताशी ठेवा, आणि काम संपल्यावर अर्धा तास गाडीपाशीच बसा.

काचेवर ओलं गोणपाट टाका. ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कण, काचेत रुतला की बारीक खड्डा कायमचा राहतो.

गोणपाट मी आपल्या गाडीवर टाकलं होतं. शेजारची पांढरी गाडी दहा फुटांवर उभी होती, तिचं मनातही आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे काका फाटकाशी. ‘अरे, माझ्या गाडीला गोवर आलाय की काय, बघ जरा.’ हात फिरवला तर खरखरीत, आणि अख्ख्या उजव्या बाजूवर नारिंगी टिपके. ठिणग्यांचे कण रंगावर बसले होते आणि दवाने गंजले होते. क्ले बार, म्हणजे रंगावर रुतलेले कण ओढून काढणारा मऊ गोळा, घेऊन, साबणाचं पाणी मारत, दोन रविवार मी त्यांची गाडी चोळत होतो. काका खुर्ची टाकून चहा पीत देखरेख करत होते. तेव्हा ठिणग्या कुठे जातात ते आधी बघा, आणि दुपारी दोन ते चार मशीन चालवू नका. ठिणग्या धुता येतात, मोडलेली झोप नाही.

पहिला तास भंगारावर

भंगारवाल्याकडून जुनं दार किंवा फेंडर आणा, वजनावर मिळतं. नव्या मशीनचा पहिला तास त्याच्यावर.

दोन्ही हात मशीनवर. डिस्कच्या रेषेत उभं राहू नका, एका बाजूला सरका. नवी डिस्क लावली की आधी अर्धा-एक मिनिट हवेत चालू द्या, फुटायची असेल तर तेव्हाच फुटू दे. मग चालू मशीन हळूच पत्र्यावर उतरवा. टेकवून मग चालू करायचं नाही. फ्लॅप डिस्क पाच-दहा अंशांनी तिरकी, मशीनच्या स्वतःच्या वजनाएवढाच दाब, आणि हात सतत फिरता. एका जागी दोन सेकंद थांबलात की उष्णता साठली. दहा-बारा फेऱ्या मारल्या की थांबा आणि हाताची मागची बाजू पत्र्याजवळ न्या. चटका बसेल असं वाटलं तर दुसरीकडे सरका, हा भाग गार होऊ द्या. निळी छटा दिसली तर उशीर झालेला आहे.

कडेपाशी डिस्क अशी धरा की ती पत्र्यावरून बाहेरच्या दिशेला फिरत जाईल. कडेवर समोरून चढली की अडकते आणि मशीन उलटून अंगावर येतं. हे भंगाराच्या दारावर मुद्दाम जपून, कडेच्या अलीकडे थांबत शिका.

दार टक्-टक् न वाजता स्वच्छ झालं की मग आपली गाडी.

उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका

आजकालच्या बऱ्याच गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो. ग्राइंडरने तोही जातो, आणि पत्रा अगदी उघडा पडतो. पावसाळ्यात सकाळी घासलेल्या जागेवर संध्याकाळी केशरी झाक आलेली मी पाहिली आहे. म्हणून दिवसाला पुरेल एवढीच जागा उघडा. खड्ड्यांत काळे ठिपके उरले असतील तर त्यांना फॉस्फोरिक ॲसिडवालं गंज-रोधक लावा, डब्यावर सांगितलेला वेळ द्या, धुवा, वाळवा. मग थिनरच्या फडक्याने पुसा, उघड्या बोटाने स्पर्श करू नका, आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. लांबी त्यानंतर, तीही तीन मिलिमीटरच्या आत. खड्डा त्याहून खोल असेल तर आधी पत्रा ठोकून वर आणायचा. लांबी म्हणजे प्लॅस्टर नव्हे.

मशीन ठेवताना डिस्क काढून ठेवा. मागच्या जाळीत लोखंडाची धूळ बसते, ती ब्रशने झटका, नाहीतर आत जाऊन आर्मेचर खाते. फेरे अडखळायला लागले, ठिणग्या वाढल्या की कार्बन बघा. पाच-सहा मिलिमीटर उरले असतील तर जोडी बदला, स्वस्त काम आहे.

रंगाची धूळ नळीने गटारात सोडू नका. खाली जुनी चादर अंथरली असेल तर ती घडी घालून धूळ एका पिशवीत बांधता येते. आमच्याकडे कचरागाडीला ओला, सुका वगैरे सहा कप्पे असतात, त्यात घरातल्या घातक कचऱ्याचाही एक. पिशवी तिथे. मी पहिल्यांदा ती सुक्यात टाकायला गेलो तर गाडीवरच्या ताईंनी हात अडवून विचारलं, ‘इसमें क्या है भिया?’ सांगितल्यावर त्यांनी पिशवीला स्वतः आणखी एक गाठ मारली.